लिहिता हात

डॉक्टरांनी नाव लिहायला सांगितलं आणि डावरीनं ते फार सुंदर लिहिलं. सगळा घोटाळा तिथं झाला.

सरकारी दवाखान्यातल्या त्या खोलीबाहेर ती अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सकाळी आठपासून बसून होती. तिच्याआधी एकोणीस जण. कुणाचा पाय, कुणाचा डोळा. एकाचं नेमकं काय गेलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण सगळ्यांत जास्त कण्हत होता तो तोच. दीड वाजता तिचा नंबर लागला तेव्हा डॉक्टरांना जेवायला जायचं होतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. त्यांनी तिचा डावा हात उलटासुलटा करून पाहिला. अंगठा शाबूत. बाकी चार बोटांच्या जागी ओढून शिवलेली कातडीची घडी. ती त्यांनी पेनाच्या टोकानं दाबली.

"दुखतं?"

"थंडीत."

"आता उजवा. माझी बोटं दाबा. अजून. बास, बास! जोर चांगलाय की."

"धार काढते ना मी."

"इथं नाव लिहा."

आणि डावरीनं लिहिलं. स्वतःचं, बापाचं, आडनाव. तीन शब्द, एका ओळीत, वेलांट्या डौलदार, रेघ अशी की वर मुंगी चालली तर घसरू नये.

तिला उजव्या हातानं जगात तेवढीच एक गोष्ट लिहिता येत होती. पहिलीपासून गुरुजी रोज सकाळी प्रत्येकाला समोर उभं करून पाटीवर नाव लिहून घेत, उजव्या हातानं. मग ते फळ्याकडे वळत आणि डावरी पेन्सिल डाव्या हातात घेई. चार वर्षं हे असं चाललं. उजवा हात तीन शब्द शिकला आणि तिथंच नापास होऊन बसला. पुढची सगळी शाळा, कॉलेज, पदवी, वह्यांचे गठ्ठे, सगळं डाव्यानं केलं.

हे तिनं डॉक्टरांना सांगायला हवं होतं. सांगणारही होती. पण डॉक्टर म्हणाले, "वा! अक्षर छान आहे," आणि दीड वर्षात अक्षराला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, त्यामुळं ती लाजली. शाबासकीला माणूस भुलतो. गाढवही भुलतं, पण गाढवाला परीक्षेला बसायचं नसतं.

*

सरकारी नोकरीच्या परीक्षेच्या ऑफिसचं पत्र सोमवारी सकाळी आलं, तेव्हा ती गाईच्या पोटाला कपाळ टेकून बसली होती. एका हातानं धार काढायची तर डोक्याचा टेकू लागतो. बादली गुडघ्यांत, उजवा हात आचळावर, डावा मांडीवर नुसता पाहुण्यासारखा. गाईला जन्मभर दोन हातांची सवय. एक हात म्हटल्यावर अर्ध्यात ती कंटाळायची आणि पाय बदलायची.

"सरकारी आहे," तिचे वडील, आबा, पाकीट उन्हात धरून म्हणाले. "पातळ आहे गं."

"होकारही पातळ असतो, आबा."

"नसतो. होकाराबरोबर नियम असतात."

वहिनीनं चुलीपाशी राख काढता काढता हात पुसले आणि पाकीट फोडलं. अर्जात लेखनिक म्हणून, म्हणजे परीक्षेत डावरी सांगेल ते लिहून देणारी म्हणून, तिचंच नाव होतं. नियम असा की लेखनिक उमेदवारापेक्षा कमी शिकलेला हवा. वहिनी बारावी, डावरी पदवीधर. "कमी शिकल्याचा जन्मात पहिल्यांदा उपयोग होतोय," असं वहिनी तेव्हा म्हणाली होती.

तिनं मोठ्यानं वाचलं. उमेदवाराच्या डाव्या हाताची चार बोटं नसल्याचं प्रमाणपत्रावरून दिसून येतं. तथापि उजवा हात पूर्णपणे कार्यक्षम असून उमेदवार त्या हाताने लिहू शकते, असं वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नमूद केलं आहे. सबब लेखनिक व जादा वेळ या सवलती देता येत नाहीत. हरकत असल्यास पुराव्यासह शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत समक्ष हजर राहावं.

"मग बरोबरच आहे की," आई गोठ्याच्या दारातून म्हणाली. "उजवा चांगलाच आहे तुझा."

"आई, मी डावरी आहे."

"ते मला सांगतेस? मी जेवू घातलंय तुला."

"त्यांना कोण सांगणार?"

"गावाला विचारा म्हणावं. कुत्रंसुद्धा सांगेल."

ते खरंच होतं. दुकानदार उधारीच्या वहीत 'डावरी' लिहायचा. पोस्टमन पाकिटावरचं नाव वाचून विचारायचा, म्हणजे डावरीच ना? हात गेला तरी नाव राहिलं होतं. फक्त सरकारच्या एकाही कागदावर ते नव्हतं, कारण सरकारच्या एकाही कागदात असा रकानाच नव्हता. उंची होती, जन्मखूण होती, छातीचं माप होतं. माणूस कुठल्या हातानं लिहितो, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

गाईनं पाय उचलला आणि बादलीत ठेवला. दूध डावरीच्या पायांवरून वाहत दगडांच्या फटींत गेलं. दादा गोठ्याच्या त्या टोकाला चारा ओढत होता. त्यानं भारा खाली टाकला आणि मोटरसायकल काढायला गेला.

*

दादा तिला कुठंही न्यायला कधी नाही म्हणत नसे. दीड वर्षापूर्वी चारा कापायच्या कुट्टी यंत्राच्या दुसऱ्या टोकाला तोच होता. चाऱ्याचे तुकडे पोत्यात भरत होता. यंत्र बनवणाऱ्यानं उजव्या माणसाचा विचार केला होता: उजव्या हातानं चारा तोंडात सारायचा, डावा हात मोकळा, बाजूला थांबवायचा दांडा. डावरी डाव्यानं सारायची. दांडा मग तिच्याच दंडाआड जायचा. पातं झाकायचा पत्रा दादानंच काढून ठेवला होता, कारण त्यात ओला चारा अडकायचा. दादा बटणापर्यंत पोचला तोवर चाक आपलं काम करून मोकळं झालं होतं. त्या दिवसानंतर दादानं ते यंत्र पुन्हा चालवलं, कारण गाई खायच्या थांबत नाहीत. पण बोलणं त्यानं निम्म्यावर आणलं.

दवाखान्यात डॉक्टर भेटले, ते जिन्यात.

"डॉक्टर, मी डावरी आहे. डाव्या हातानंच लिहायचे. उजव्यानं फक्त नाव येतं."

"फक्त नाव?" डॉक्टर हसले. "असं कसं? हात काय नाव ओळखतो का?"

"माझा ओळखतो."

"हे बघा, मी जे पाहिलं ते लिहिलं. तुम्ही माझ्यासमोर लिहिलंत. आणि एक सांगू, उजवा वाचला हे नशीबच समजा."

"उजवी असते तर उजवा गेला असता, डॉक्टर. डाव्यानं काम करत होते म्हणून डावा गेला."

डॉक्टर एक पायरी खाली उतरून थांबले. मुद्दा त्यांना पटल्यासारखा वाटला. पटलेला मुद्दा अंगाशी येऊ नये म्हणून जो चेहरा करतात, तो त्यांनी केला.

"पुरावा आणा. शाळेतून वगैरे. तुमच्या सांगण्यावर मी माझाच कागद खोडू शकत नाही. उद्या सगळेच येतील, मी नाकानं लिहीत होतो म्हणून."

परत येताना दादानं गावाबाहेर गाडी थांबवली. मान न वळवता म्हणाला, "मी लिहून देऊ? मी होतो म्हणून. पत्रा मी काढला होता म्हणून."

"तुझ्या लिहिण्यानं तू अडकशील. माझा लिहिता हात डावा ठरणार नाही."

"अडकलो तर अडकलो."

"चल, धारेची वेळ झाली," ती म्हणाली.

*

मंगळवारी ती शाळेत गेली. आताच्या बाईंनी कपाट उघडलं. हजेरीपत्रकं होती, वजन-उंचीची वही होती, लसीकरणाच्या नोंदी होत्या, कोणत्या साली किती खडू आले तेही होतं. बाई म्हणाल्या, "जुन्या वह्या वाळवीनं खाल्ल्या. त्या दिसल्या असत्या तरी हात कुठं दिसला असता? गुरुजींकडे जा. त्यांनी लिहून दिलं तर मी शिक्का मारते."

गुरुजी गावाच्या वरच्या अंगाला राहत. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, पण पाठ अजून फूटपट्टीसारखी. दारावर त्यांच्या हस्ताक्षरात पाटी: 'पाय पुसून आत यावे'. गावातल्या सगळ्या पाट्या त्यांच्याच हातच्या. पिठाची गिरणी, पंक्चर काढून मिळेल, कुत्र्यापासून सावध. कुत्रा मरून गेला तरी घरमालकानं पाटी काढली नव्हती, अक्षर इतकं चांगलं.

ते अंगणात मिरच्यांच्या रोपांभोवती खुरप्यानं आळी करत होते. तिनं पाय पुसले.

"गुरुजी, मी डावरी."

"टोपणनावानं ओळख देऊ नये. बस."

तिनं सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण खुरपं थांबलं नाही.

"एवढंच लिहून द्या," ती शेवटी म्हणाली, "की मी डाव्या हातानं लिहायचे."

"तू उजव्या हातानं लिहायचीस."

"तुम्ही बघायचा तेव्हा."

"मी चौतीस वर्षं बघत होतो."

"त्यातली निम्मी फळ्याकडे तोंड करून, गुरुजी."

खुरपं थांबलं. "माझ्या हाताखालून चौतीस वर्षांत एकही डावरं पोर डावरं म्हणून बाहेर पडलं नाही. सत्काराच्या वेळी हे वाचून दाखवलंय. छापून आलंय. आणि आता मी लिहून देऊ, की ते सगळं खोटं होतं?"

"सगळं नाही. एकटीचं."

"एकटीचं म्हणजेच सगळं."

"अहो, अख्खं गाव मला डावरी म्हणतं."

"गाव अशुद्ध बोलतं," गुरुजी म्हणाले, आणि पुढच्या रोपाकडे सरकले.

ती उठली. अंगणाच्या कडेपर्यंत गेली, परत फिरली, पुन्हा गेली. पाय कुठं न्यायचे तेच कळेना. घरी आल्यावर तिनं शेणाची पाटी उचलली आणि उकिरड्यापर्यंत तीन फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीत पाटी रिकामी होती हे आईनं पाहिलं.

"पेपरात तेरा पानं लागतात," ती वहिनीला म्हणाली. "काल बसून बघितलं. उजव्यानं तीन तासांत तेरा पानं होतात का, ते. एका तासात सात ओळी झाल्या. त्यातली एक मलाच वाचता आली नाही."

वहिनी भांडी घासत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले. "उद्या मी येते तुझ्याबरोबर. तू फक्त तोंड बंद ठेव. जमेल?"

"का?"

"कारण तू गेलीस की शिष्य म्हणून जातेस. मला काय त्याचं? मी कुठं त्यांचा मार खाल्लाय!"

*

बुधवारी सकाळी धार उरकून दोघी गेल्या. वहिनीनं पाय पुसले, जरा जास्तच पुसले, गुरुजींना दिसेल असे.

"गुरुजी, दाखला नकोच आम्हाला," ती म्हणाली. "मी तक्रार घेऊन आलेय. हिची."

डावरीनं तिच्याकडे पाहिलं. वहिनीनं पाहिलं नाही.

"ही घरात काडीचं ऐकत नाही. उठ म्हटलं की बसते, बस म्हटलं की दवाखान्यात जाते. सासूबाई म्हणतात, लहानपणापासून हिचं असंच आहे. म्हटलं, तुम्हाला विचारावं. शाळेत तरी ऐकायची का हो?"

"ऐकायची?" गुरुजी म्हणाले. आणि त्या एका शब्दात वीस वर्षं दाबून ठेवलेली वाफ होती. "ही? हिला मी सांगायचो एक आणि पाठ वळली की दुसरं! खिडकीतून पाहिलंय मी. दाराआडून पाहिलंय. एकदा नाही, तीनदा. माझ्यासमोर कसं गोड, उजव्यानं नाव लिहून दाखवायचं, आणि मी वळलो की लगेच..." त्यांनी डावा हात हवेत लिहिल्यासारखा केला. "पट्टी मारली. कोपऱ्यात उभं केलं. शेवटी रुमालानं हात बाकाला बांधला. तर दातांनी गाठ सोडून पुन्हा त्याच..."

ते थांबले.

डावरीचा डावा हात मांडीवर होता. तिनं तो लपवला नाही, पुढंही केला नाही. गुरुजी त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या हातावरची माती झटकली, जरा जास्त वेळ झटकली.

"तर गुरुजी," वहिनी हळू म्हणाली, "हीच तक्रार लिहून देता का? दाखला नको. तक्रारच."

गुरुजी आत गेले. बराच वेळ आले नाहीत. आले ते कागद, दौत आणि चष्मा घेऊन. ओट्यावर मांडी घालून बसले आणि लिहू लागले. मध्ये एकदा विचारलं, "रुमालाचं लिहू?"

"खरं असेल तर लिहा," डावरी म्हणाली. तेवढंच ती बोलली.

चार पानं झाली. एका ठिकाणीही खाडाखोड नव्हती.

*

शुक्रवारी मोटरसायकलवर दादा, मध्ये गुरुजी, मागं डावरी. गुरुजींनी कोट घातला होता आणि गाडीवरही पाठ वाकवली नव्हती, त्यामुळं डावरीला वारा लागला नाही, एवढाच काय तो लाभ.

परीक्षेचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. अपंगांच्या अर्जांचं टेबल तिसऱ्या मजल्यावर का, हे विचारायला एक गृहस्थ कुबड्या घेऊन दुसऱ्या मजल्यावर बसले होते. वर जायला जमलं की विचारणार होते.

कारकून चष्मेवाला, मान लांब. त्यानं चार पानं शेवटपर्यंत वाचली. बहुतेक तक्रार होती म्हणून. विनंती कुणी शेवटपर्यंत वाचत नाही.

"छान आहे," तो म्हणाला. मग त्यानं फाइल उघडून दुसरा कागद काढला आणि शेजारी ठेवला. "हा तुमचा शाळा सोडल्याचा दाखला. मूळ अर्जाला जोडलेला. वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहिलंय?"

"उत्तम."

"सही कुणाची?"

"गुरुजींची."

"आणि या पत्रात? 'सदर विद्यार्थिनी उद्धट, आज्ञाभंग करणारी व वारंवार फसवणूक करणारी होती.' सही कुणाची?"

डावरीनं मान वळवून गुरुजींकडे पाहिलं.

"एकच माणूस, एकच मुलगी, एकच साल. यातला एक कागद खोटा. पत्र खोटं असेल तर लेखनिक नाही. दाखला खोटा असेल तर," त्यानं फाइल हलकेच बंद केली, "अर्जच बाद. आता कुठला खोटा ते तुम्ही सांगा. माझी काही घाई नाही. पाचपर्यंत आहे मी."

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. डाव्या हाताची नसलेली बोटं दुखायला लागली. ती अशीच वेळ साधून दुखत. खुर्चीत बसवेना. ती उठली, भिंतीवरचा सवलतींचा तक्ता वाचला, परत बसली, परत उठली. दादा दारात उभा राहून हेल्मेटचा पट्टा सोडत आणि लावत होता.

"आम्हाला तुमच्या अधिकारी मॅडमना भेटायचंय," ती म्हणाली.

"त्या बैठकीत आहेत."

"मग मी इथं बसते."

"बसलाच आहात."

"मग उठत नाही."

चार वाजून पाच मिनिटांनी मॅडम आल्या. पन्नाशीच्या, हातात डबा, चेहऱ्यावर बैठकीतून सुटल्याचा आनंद. तो फाइल पाहून गेला. त्यांनी उभ्यानंच दोन्ही कागद वाचले. मग बसल्या.

"आधी लिहून दाखवा. उजव्या हातानं. नाव नको, मी सांगते ते. 'प्रशासनाचे मूळ उद्दिष्ट लोककल्याण हे असून...'"

डावरीनं पेन धरलं. उजव्या हाताला 'प्र' कुठून सुरू होतो ते माहीत नव्हतं. तो खालून सुरू झाला. 'शा'ची शेंडी तिसऱ्याच दिशेला गेली. 'उद्दिष्ट' हा शब्द तर हातातून सुटलेल्या वासरासारखा कागदभर पळाला. बोटांना घाम आला, पेन फिरलं, कागद फाटला. अर्ध्या ओळीला चार मिनिटं लागली.

कारकुनानं मान लांब करून पाहिलं. "मुद्दाम वाईट काढत असतील, मॅडम."

"इतकं वाईट मुद्दाम काढता येत नाही," गुरुजी म्हणाले. त्यांचा चेहरा दात दुखत असल्यासारखा झाला होता. "मला बघवत नाहीये."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "गुरुजी तुम्हीच? हे तुम्ही स्वतः लिहिलंत? 'सदर विद्यार्थिनीचा डावा हात मी रुमालाने बाकास बांधीत असे.'"

"अक्षर माझंच आहे."

"कुणी सांगितलं म्हणून नाही?"

"मला कुणी काही सांगत नाही. मीच सांगतो."

"मग हे वर्तणूक उत्तम?"

गुरुजींनी कोटाची बटणं चाचपली. आयुष्यभर ते प्रश्न विचारत आले होते. उत्तर द्यायच्या बाजूला उभं राहायची त्यांना सवय नव्हती, आणि ते दिसत होतं.

"ते छापील असायचं, बाई," ते म्हणाले. "रकाना रिकामा ठेवायची पद्धत नव्हती. चोऱ्या करणाऱ्यालाही मी उत्तम दिलंय. न शिकलेल्यालाही दिलंय. चौतीस वर्षांत सगळी पोरं उत्तमच होती. ते कुणाबद्दलच नव्हतं." त्यांनी चार पानांवर बोट ठेवलं. "हे हिच्याबद्दल आहे."

मॅडमनी रुमालाची ओळ पुन्हा वाचली असावी, कारण नजर तिथंच होती. मग पेन उघडलं. लिहिताना त्या एकेक शब्द पुटपुटत होत्या: लेखनिक मंजूर. तासाला वीस मिनिटं जादा मंजूर. वैद्यकीय अधिकाऱ्यांचा अभिप्राय या पत्राच्या प्रकाशात वाचावा.

"प्रकाशात," कारकून म्हणाला आणि शिक्का मारला. मग डावरीकडे वळून, अगदी प्रामाणिक काळजीनं म्हणाला, "पण हे पत्र फाइलमधून निघणार नाही हं. तुमची निवड झाली तर तुमच्यामागं येणार. बदली होईल तिथं येणार. उद्धट, आज्ञाभंग करणारी. कायमचं."

"येऊ द्या," डावरी म्हणाली.

जिन्यात गुरुजी तिच्या पुढं होते. दुसऱ्या मजल्यावर कुबड्यांवाले गृहस्थ अजून बसले होते. गुरुजी त्यांच्यापाशी थांबले, डावरी खाली येईपर्यंत थांबले, आणि तिच्याकडे न पाहता म्हणाले, "गाठ मी घट्ट मारायचो गं."

"हो," ती म्हणाली. "दात दुखायचे."

तिनं त्यांना सोपं करून दिलं नाही. दादानं मात्र गृहस्थांना विचारलं, "काका, वर न्यायचंय का?" आणि पाठ वाकवून खाली बसला.

*

परीक्षेला सोळा दिवस राहिले होते आणि लेखनिक मिळाला म्हणजे झालं असं डावरीला वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी कळलं की काहीच झालेलं नाही.

आजवर तिचा विचार हाताबरोबर चालायचा. पेन टेकलं की वाक्य यायचं. आता टेकायला काही नव्हतं. आणि वेळही दोघींना एकत्र मिळायचा तो धारेचाच. डावरी गाईपाशी, वहिनी उलट्या बादलीवर, मांडीवर वही.

"लिही. सहकारी दूध संस्थांच्या अपयशाची कारणं."

"लिहिलं. पुढं?"

"थांब ना. पहिलं म्हणजे... नको, ते खोड. लिही, व्यवस्थापनातील... नाही. तू लिहितेस की नाही?"

"काय लिहू? 'नको ते खोड' लिहू?"

"तुला कळत नाही का मला काय म्हणायचंय?"

वहिनीनं पेन वहीवर आडवं ठेवलं. "नाही कळत. तुझ्या डोक्यातलं मला दिसत नाही. सव्वीस वर्षं तू कागदाशी बोललीस, घरात कुणाशी नाही. आता बोल. मोठ्यानं बोल. मला चुकीचं वाटलं तरी लिहीन."

गाईनं पाय बदलला. डावरीनं कपाळ तिच्या पोटाला घट्ट टेकलं. मग बोलायला लागली. आधी गाईच्या पोटात, मग जरा वर. संस्था कशा सुरू झाल्या, सभासद कसे नावापुरते उरले, दुधाची प्रत मोजणारं यंत्र सभासदांच्या डोळ्यांदेखत का नसतं. हात आपोआप आचळावर चालत राहिला, आणि धार आणि वाक्य एका लयीत पडू लागली. वहिनीचं पेन खरखरत होतं. आई दारात येऊन उभी राहिली. हे सगळं हिच्या डोक्यात होतं, हे तिला आजच कळत होतं.

"असं काही नाही," आबा गव्हाणीपाशी चारा टाकता टाकता म्हणाले. "यंत्राचा काय दोष? माप घेणारा चोर आहे म्हणून बुडाली संस्था. आणि त्याला निवडून देणारे आपण गाढव आहोत म्हणून."

"आबा, मध्ये बोलू नका. परीक्षेची उत्तरं आहेत ही."

"मग खरी तरी द्या!"

दादा कुट्टीचं पोतं खांद्यावर घेऊन आत आला होता. तो थांबला आणि म्हणाला, "आबा बरोबर बोलतायत," आणि हे त्याचं दोन दिवसांतलं सर्वांत लांब वाक्य होतं. त्यावर आई म्हणाली की गेल्या वेळी मत कुणी दिलं होतं त्याला, आठवतंय का? त्यावर आबांनी चाऱ्याची पेंढी जमिनीवर आपटली. गाईंनी माना वळवल्या. दोन मिनिटं गोठ्यात संस्थेची सर्वसाधारण सभा झाली.

"गप्प!" डावरी ओरडली. "वहिनी, वाच. कुठपर्यंत आलो?"

वहिनीनं वही उचलली आणि अर्ज वाचावा तशा आवाजात वाचू लागली. संस्था, सभासद, यंत्र, सगळं नीट. मग न थांबता, त्याच आवाजात: "यंत्राचा काय दोष, माप घेणारा चोर आहे म्हणून बुडाली संस्था, आणि त्याला निवडून देणारे आपण गाढव आहोत म्हणून."

"अगं, ते कशाला लिहिलंस?"

"तू म्हणालीस, मोठ्यानं बोललेलं लिही."

"मी म्हणाले होते?"

"नाही, मीच म्हणाले होते. खोडू?"

डावरीनं हात थांबवला. बादली जवळजवळ भरली होती. आबा पाठमोरे उभे होते, पण कान इकडे होते.

"'गाढव' खोड," ती म्हणाली. "बाकीचं राहू दे. मुद्दा बरोबर आहे."